मुलांसाठीचा ‘सजीवांच्या गरजा’ प्रयोगसंच : एक परीक्षण

पाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी बी रुजवण्याचे अनेक प्रयोगसंच सध्या ऑनलाइन दुकानांत मिळतात. त्यांपैकी ६०० रुपयांच्या आसपास मिळणारा एक संच आम्ही आमच्या बालवाडीत वापरून पाहिला. खोक्यात झाकणांचे चार पारदर्शक पेले, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्या, मूग, मेथी आणि मक्याच्या बियांच्या पुड्या, एक भिंग, नोंदींचा तक्ता आणि प्राण्यांची चित्रकार्डे आहेत. सजीवांना जगण्यासाठी काय लागते, हे मुलांना सांगण्याऐवजी त्यांनी स्वतः पाहून ठरवावे, ही त्यामागची कल्पना मला मनापासून पटते. म्हणूनच ती कुठे साधते आणि कुठे फसते, हे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

चार पेल्यांची रचना हा या संचाचा सर्वांत चांगला भाग आहे. पहिल्या पेल्याला सर्व काही मिळते, तर दुसऱ्याला पाणी, तिसऱ्याला प्रकाश आणि चौथ्याला हवा नाकारलेली असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे सारखे ठेवायचे, ही शिस्त सहा वर्षांच्या मुलांनाही सहज समजते. ‘याला पण तेवढेच पाणी घाला ना ताई, नाहीतर कसे कळणार?’ असे मुले स्वतःहून म्हणू लागतात, तेव्हा विज्ञानाचे शिक्षण खरोखर सुरू झालेले असते.

अडचण तिसऱ्या पेल्यापाशी येते. सोबतच्या पुस्तिकेत ‘प्रकाशाशिवाय बी उगवणार नाही’ असे छापले आहे. मूग, मेथी आणि मका या तिन्ही बियांच्या बाबतीत ते चुकीचे आहे. त्यांना रुजण्यासाठी पाणी, हवा आणि पुरेशी ऊब लागते, प्रकाश लागत नाही. फडक्यात बांधून ठेवलेल्या मुगाला मोड येतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने घरी पाहिलेले असते. आमच्या वर्गात काळ्या झाकणाखालचे रोप उजेडातल्या रोपापेक्षा उंच झाले आणि ‘झाडांना काळोखच आवडतो’ असा निष्कर्ष मुलांनी काढला. त्यांनी पाहिले ते अगदी खरे होते. त्याचा अर्थ लावायला लागणारी माहिती मात्र पुस्तिकेत नव्हती. मुगाच्या दोन डाळींत साठवलेल्या अन्नावर कोवळे रोप काही दिवस जगते आणि अंधारात उजेडाच्या शोधात ताणत जाते, पण हरितद्रव्य तयार न झाल्यामुळे ते फिकट पिवळे राहते. नवरात्रात देवघरातल्या घटावर उगवणाऱ्या धान्याचे पिवळेपण याच कारणाने येते. साठा संपला की असे रोप कोलमडते, परंतु त्याला दुसरा, कधी तिसरा आठवडा उजाडावा लागतो आणि संचातल्या नोंदीच्या तक्त्यात सातच रकाने आहेत. म्हणजे नेमका चुकीचा निष्कर्ष निघेल अशा दिवशी हा प्रयोग संपतो. आम्ही तक्त्याला दुसरा कागद जोडून निरीक्षण पुढे चालू ठेवले, आणि मुलांचे मत त्यांच्याच डोळ्यांसमोर बदलले.

चौथ्या पेल्यातही असाच दोष आहे. घट्ट झाकण लावले तरी आत उरलेली हवा चार-पाच बियांना रुजायला पुरते, त्यामुळे ‘हवा नाही’ ही अट पूर्ण होतच नाही. त्यापेक्षा शालेय पुस्तकांतून पूर्वापार चालत आलेला तीन बियांचा प्रयोग कितीतरी चांगला आहे. एका पट्टीवर तीन बिया बांधून ती पेल्यातल्या पाण्यात अशी उभी करायची, की वरची बी कोरडी राहील, मधली अर्धी भिजेल आणि खालची पूर्ण बुडेल. पाणी आणि हवा दोन्ही मिळालेली मधलीच बी नीट वाढते.

पाणी न दिलेल्या पेल्याबद्दल ‘हे बी जगले नाही, टाकून द्या’ अशी सूचना आहे. ती कृपया पाळू नये. कोरडी बी मेलेली नसते, ती थांबलेली असते. आठवडाभराने त्याच पेल्यात पाणी घालावे. मोड येताना पाहून मुलांना जो आनंद होतो, तो या संचातला सर्वांत मोलाचा क्षण ठरू शकतो. इस्राएलमधील मसादा येथे सापडलेली खजुराची सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये रुजली, ही हकिकत त्या वेळी अवश्य सांगावी.

‘माती आणि खत हे झाडाचे अन्न’ हे पुस्तिकेतले वाक्यही खोडून टाकण्यासारखे आहे. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्ट यांनी कुंडीत वाळुंजाचे रोप पाच वर्षे वाढवले. झाडाचे वजन १६० पौंडांहून अधिक वाढले आणि माती जेमतेम दोन औंस घटली. १६४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. झाड आपले अन्न प्रकाश, पाणी आणि हवेतल्या वायूपासून स्वतः तयार करते, मातीतून त्याला पाणी आणि थोडी खनिजे मिळतात. बाटलीतल्या पाण्यात वाढणारा मनी प्लांट वर्गात ठेवला, तर हे लहान मुलांनाही पटते.

चित्रकार्डे देखणी आणि टिकाऊ आहेत. अन्न, पाणी, हवा आणि निवारा असे गट करताना मुले रमतात, आणि माशाच्या कार्डावर पाण्यात विरघळलेल्या हवेचा उल्लेख आहे, हे विशेष आवडले. उंट वशिंडात पाणी साठवतो, हे विधान मात्र चूक आहे. तिथे चरबी असते. ‘गाडीलाही पेट्रोल लागते, मग ती जिवंत का नाही?’ या मुलांच्या हमखास प्रश्नाला कार्डांत उत्तर नाही. गाडी वाढत नाही आणि तिला पिल्ले होत नाहीत, इथपर्यंत मुले चर्चेतून स्वतः पोहोचतात. त्यासाठी शिक्षकाने वेळ राखून ठेवावा.

सर्वांत गंभीर आक्षेप मक्याच्या पुडीबद्दल आहे. त्यातले दाणे गुलाबी रंगाचे होते. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केली, की ते ओळखू यावे म्हणून त्याला असा रंग दिला जातो. पुडीवर कोणतीही सूचना नव्हती आणि या वयाची मुले हातातली वस्तू सहज तोंडात घालतात. आम्ही ती पुडी वापरली नाही आणि उत्पादकाला तसे कळवले. पुड्यांवर भरल्याची तारीखही नाही, आणि मेथी फारच विरळ उगवली. घरातले मूग, मटकी किंवा हरभरा वापरणे अधिक सुरक्षित आहे आणि ते लवकर रुजतातही.

पेले आणि कार्डे यांसाठी हा संच घ्यायला हरकत नाही, मात्र पुस्तिका मुलांच्या हाती देण्याआधी मोठ्यांनी वाचून दुरुस्त करावी. पावसाळ्यात कोकोपीटवर लवकर बुरशी धरते, म्हणून हा प्रयोग दिवाळीनंतर करावा आणि पाणी चमच्याने मोजून घालावे.