शाहूपुरीतलं मटणाचं ‘फॅमिली रेस्टॉरंट’: पाटीवरचा शब्द आणि वाटीतला रस्सा

आधी निकाल सांगतो. पांढऱ्या रश्श्यासाठी इथं जरूर जावं. तांबडा चांगला, सुकं मटण ठीक. मेन्यू कार्डाच्या मागच्या पानावरचं पंजाबी-चायनीज मागवायच्या भानगडीत मात्र पडू नये. हे हॉटेल शाहूपुरीत, मोठ्या रस्त्यापासून एक गल्ली आत आहे. खाली साधी टेबलं, माडीवर फॅमिली रूम आणि दारावर ठळक अक्षरांत ‘फॅमिली रेस्टॉरंट’. अशा पाट्या कोल्हापुरात गल्लोगल्ली दिसतात, पण बोलताना सगळे ‘हॉटेल’च म्हणतात. या परीक्षणात मोजमाप म्हणून पाटीवरचाच शब्द धरला आहे, कारण हा शब्द आधी जागेचं नाव नव्हता. तो रश्श्याचा होता.

फ्रेंचमधे ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणं, गेलेली ताकद भरून आणणं. इंग्रजीतला ‘रिस्टोअर’ त्याच घराण्यातला. त्यावरून ‘रेस्तोराँ’ म्हणजे ताकद आणणारा पदार्थ. सोळाव्या शतकात तो असा कुठल्याही पौष्टिक गोष्टीला लावत, पुढं तो मुख्यतः मांसाच्या दाट अर्काला चिकटला. कोंबडी, वासराचं मांस, कधी हॅमचा तुकडा असं सगळं अगदी थोड्या पाण्यात किंवा पाण्याशिवाय घट्ट झाकणाच्या भांड्यात तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचं आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा. कल्पना अशी की अशक्त माणसाला चावायचे, पचवायचे कष्ट न पडता मांसातलं सत्त्व मिळावं. आपल्याकडे आजारी माणसाला अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पाजतात, त्यामागचा विचार वेगळा नाही.

१७६६ च्या सुमारास मात्युराँ रोझ द शांत्वाझो नावाच्या गृहस्थानं पॅरिसमधे असे अर्क विकायचं दुकान काढलं. तब्येत नाजूक असलेल्यांनी यावं, चिनी मातीच्या पेल्यातून गरम अर्क प्यावा, बसावं, जावं. दुकानदाराला म्हणत ‘रेस्तोरातर’, म्हणजे ताकद आणून देणारा. बसायच्या जागेलाच रेस्तोराँ म्हणायची रीत त्यानंतर पडली. याहून प्रसिद्ध गोष्ट बुलाँजे नावाच्या माणसाची आहे: १७६५ मधे त्यानं मेंढीचे पाय पांढऱ्या सॉसमधे घालून विकले, शिजवलेलं अन्न विकायचा हक्क असलेल्या संघानं त्याच्यावर खटला भरला, आणि तो जिंकला. पायाचा आणि पांढऱ्या रश्श्याचा उल्लेख म्हणून कोल्हापूरकराला ही गोष्ट लगेच आवडेल, पण त्या काळच्या कागदपत्रांत या खटल्याचा पुरावा सापडलेला नाही. रोझचं नाव धरणंच बरं.

आता वाटीकडे. इथला पांढरा रस्सा दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान घ्यावा. वाटी तिरपी करून सरळ केली की कडेला पातळ, दुधट थर राहतो आणि सावकाश खाली उतरतो. वर तुपाचे बारीक ठिपके दिसतात, तळाशी वेलदोड्याची साल. दोन-तीन घोट घेतल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. ही खरी खूण. मानेच्या आणि नळीच्या हाडांवरचा चिवट भाग मंद आचेवर बराच वेळ राहिला की विरघळून पाण्यात उतरतो, त्यानं हा चिकटपणा येतो. कॉर्नफ्लॉवर लावून दाट केलेल्या रश्श्यात तो नसतो. तिथं कडेला जाडसर लेप बसतो आणि गार होताना वर कातडी धरते. इथं तसं काही आढळत नाही.

असा रस्सा कसा होतो आणि कुठं बिघडतो, ते माहीत असेल तर कुठल्याही हॉटेलात बसल्या जागी पारख करता येते. एक किलो हाडासकट मटणाला दोन-सव्वादोन लिटर पाणी, दोन चमचे आलं-लसूण आणि निम्मंच मीठ. पांढऱ्यासाठी अळणीत हळद नको, नाहीतर रंग पिवळट येतो. पहिल्या उकळीचा फेस काढून टाकायचा. मटण शिजलं की तुकडे सुक्यासाठी बाजूला काढायचे, उरते ती अळणी. एक लिटर अळणीला मध्यम नारळाचं दूध: पहिलं दाट एक वाटी, दुसरं पातळ एक-सव्वा वाटी. वाटणाला दहा-बारा काजू, दोन चमचे खसखस, एक चमचा पांढरे तीळ, सगळं भिजवून गंधासारखं बारीक. तुपात दालचिनी, चार-पाच लवंगा, चार वेलदोडे, आठ-दहा मिरे टाकायचे, त्यावर वाटण. हे वाटण परतायचं, पण तांबूस होऊ द्यायचं नाही. इथं आच मोठी राहिली तर पांढऱ्याचा बदामी होतो आणि मग कितीही दूध घाला, रंग परत येत नाही. मग अळणी आणि पातळ दूध घालून एक उकळी. दाट दूध सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून, ढवळत ढवळत. वाफ आली की बंद.

शेवटच्या टप्प्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो. नारळाच्या दुधात तेलाचे थेंब प्रथिनांनी धरून ठेवलेले असतात. उष्णता वाढली की ती प्रथिनं आकसतात, त्यांची पकड सुटते, तेल वर येतं आणि खाली पाणी व कणी राहते. आंबटानंही तेच होतं. म्हणून लिंबू सुक्यावर पिळावं, पांढऱ्याच्या वाटीत नाही. ताटात लिंबाची फोड येते म्हणून बरेच जण ती थेट वाटीत पिळतात आणि मग रस्सा फुटका म्हणून वेटरला बोलावतात.

या हॉटेलची चूक वेगळी आहे. दुपारचा रस्सा तीनच्या पुढं उरला की त्यात पाणी घालून पुन्हा तापवतात. त्या वेळी वाटीत बारीक कणी दिसते आणि वर तेलाचा सलग तवंग येतो. रात्रीच्या शेवटच्या तासातही हेच. शिवाय मीठ सुरुवातीलाच पूर्ण घालत असावेत, कारण रस्सा आटत जाईल तसा तो खारट होत जातो. मीठ शेवटी चाखून घातलं आणि दोन मोठ्या पातेल्यांऐवजी चार लहान घाणे केले तर दोन्ही दोष जातील. ज्यांचा बाराचा रस्सा इतका सुरेख आहे, त्यांनी साडेतीनला असा रस्सा वाढावा, हे मनाला लागतं.

तांबडा थोडक्यात: रंग ब्याडगीचा, झोंब लवंगीची, सुक्या खोबऱ्याचं वाटण नीट भाजलेलं. कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर मोकळा उभा राहतो, रश्श्यात विरत नाही. भाकरी ज्वारीची, मागितल्याबरोबर तव्यावरून येते. ती कुस्करून रश्श्यात भिजवून खाणारे शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीनंही बरोबर खातात. इंग्रजीतला ‘सूप’ फ्रेंचमधून आला, आणि जुन्या फ्रेंचमधे ‘सूप’ म्हणजे भांड्यात ठेवलेला पावाचा तुकडा, ज्यावर रस्सा ओतायचा. पुढं तुकड्याचं नाव रश्श्यालाच पडलं. इथल्या मेन्यू कार्डावर ‘मटण सूप’ म्हणून जे वेगळ्या दरानं मिळतं, ती नुसती मिरपूड घातलेली अळणीच आहे. थाळी घेणार असाल तर ते मागवायची गरज नाही.

आता ‘रेस्टॉरंट’ शब्दाचा दुसरा जन्म. त्याआधी पॅरिसमधे बाहेर जेवायचं तर ‘ताब्ल दोत’, म्हणजे यजमानाचं टेबल: ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, शेजारी कोण बसेल ते बसेल, आणि घरधन्यानं जे रांधलं असेल ते. पैसे सगळ्यांना सारखे. अर्क विकणाऱ्यांनी ही घडी मोडली. आजारी माणसाला ठरावीक वेळ कशी चालेल? म्हणून तो येईल तेव्हा वाढायचं. त्याला निवांतपणा हवा, म्हणून लहान, वेगळी टेबलं. प्रत्येकाचं पथ्य वेगळं, म्हणून पदार्थांची यादी, पुढं दर, आणि खाल्लं तेवढ्याचेच पैसे. १७८० च्या दशकात आंत्वान बोव्हिलिए यानं याच पद्धतीनं थाटाचं जेवण द्यायला सुरुवात केली. क्रांतीनंतर सरदारांच्या वाड्यातले आचारी मोकळे झाले, १७९१ मधे व्यवसाय-संघ बरखास्त झाले, आणि अर्क मागं पडून खोली पुढं आली. नेपोलियनच्या पाडावानंतर पॅरिसला लोटलेल्या इंग्रजांना या खोल्यांचं अप्रूप वाटलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शब्द इंग्रजीत रुळला तो जेवायची जागा याच अर्थानं. ताकदीचा अर्थ पलीकडेच राहिला. मालकाला इंग्रजीत अजूनही ‘रेस्टोरेटर’सारखा, मधे ‘न’ नसलेला शब्द आहे, कारण तो जागेवरून नाही, थेट त्या जुन्या क्रियेवरून आलेला आहे.

या कसोटीवर इथली थाळी अर्धी रेस्टॉरंट आणि अर्धी यजमानाचं टेबल ठरते. दर ठरलेला, पदार्थ ठरलेले, रस्सा मागाल तितका, आणि रविवारी दुपारी चौघांच्या टेबलावर दोन अनोळखी माणसं सहज बसवली जातात. यात कमीपणा काही नाही. थाळीचा रस्सा ताजा राहतो तो सगळे एकाच वेळी तेच जेवतात म्हणून. पण पाटीवर ‘फॅमिली’ असेल तर माडीवर तरी टेबलं वेगळी राखावीत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन आलेल्यांना गर्दीत ‘जरा सरकून घ्या’ ऐकावं लागतं.

मेन्यू कार्डाबद्दल मात्र खरी तक्रार आहे. ‘मेन्यू’ हाही फ्रेंच शब्द, मूळ अर्थ बारीक, म्हणजे तपशीलवार यादी. इथल्या कार्डावर ‘मटण थाळी’ आणि ‘मटण थाळी स्पेशल’ असे दोन दर आहेत, पण फरक काय तो लिहिलेला नाही. विचारल्यावर कळतं: स्पेशलमधे खिम्याची एक वाटी आणि उकडलेलं अंडं जास्त, सुक्याचं माप तेच. एवढी एक ओळ छापायला काहीच हरकत नव्हती. खिमा चवीला बरा आहे, पण पांढऱ्यासाठी येणाऱ्यानं साधी थाळीच घ्यावी.

आणि बोलीतलं ‘हॉटेल’. हाही फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, ‘हॉस्पिटल’चा सख्खा भाऊ. फ्रेंचमधे ‘ओतेल’ म्हणजे सरदाराचा शहरातला वाडा, आणि ‘ओतेल द व्हील’ म्हणजे चक्क नगरपालिकेची इमारत. इंग्रजांनी अठराव्या शतकात तो मुक्कामाच्या उंची जागेसाठी घेतला. आपण मुक्काम ‘लॉजिंग’कडे दिला आणि हॉटेल चहाच्या टपरीपासून थाळीपर्यंत सगळ्याला वापरलं. कोल्हापुरात या शब्दाला आणखी एक वजन आहे. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या त्या हॉटेलातला चहा राजर्षी शाहू महाराज सगळ्यांदेखत घेत. एका टेबलाशी कोण बसणार हा प्रश्न या गावानं हॉटेलातच हाताळला. कोणाच्या शेजारी बसावं लागेल यावर कुरकुर करणाऱ्यांनी तो रस्ता एकदा आठवावा.

जायचं तर बुधवार, शुक्रवार किंवा रविवारी जावं. हे मटणाचे वार, खप जास्त, त्यामुळं मटण त्याच सकाळचं. इतर दिवशी सुकं थोडं चिवट लागतं. दुपारी साडेबाराला पोचलात तर जागा लगेच मिळते, एकनंतर थांबावं लागतं. पैसे रोख किंवा फोनवरून, गल्ल्यावरच.

शेवटी पार्सल. फ्रेंच ‘पार्सेल’ म्हणजे लहान भाग. इंग्रजीतही आधी तो जमिनीच्या तुकड्यासाठी आणि हिश्शासाठी वापरला गेला, बांधलेल्या गठ्ठ्याचा अर्थ नंतर आला, आणि घरी न्यायचं जेवण हा अर्थ आपल्याकडचा. इथं पार्सलचा पांढरा रस्सा गरमागरम प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारतात. पिशवीतल्या कोंडलेल्या उष्णतेनं तो घरी पोचेपर्यंत फुटायच्या बेताला येतो, आणि उकळतं तूप-तेल प्लॅस्टिकमधे भरणं तसंही चांगलं नाही. स्टीलचा डबा न्यावा, गल्ल्यावर आधी सांगितलं तर ते भरून देतात. झाकण पाच मिनिटं उघडं ठेवून मग लावावं. घरी डबा थेट गॅसवर ठेवू नये. पातेल्यात पाणी उकळून त्यात डबा ठेवावा, ढवळत राहावं, वाफ दिसली की काढावा. फुटलाच तर दोन चमचे भिजवलेल्या काजूचं वाटण कोमट पाण्यात कालवून थोडं थोडं घालत घोटावं, बराचसा सावरतो. तांबडा फ्रिजमधे ठेवून दुसऱ्या दिवशी चालतो. पांढरा त्याच रात्री संपवावा.