लाल रेघेवरचे सहा महिने : बोस्टनचा फ्रीडम ट्रेल, गाइडशिवाय

मुलगी बोस्टनजवळ क्विन्सीला राहते. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, मार्चअखेर परतलो. ती आणि जावई कामावर, नातू डे-केअरला. आपण दिवसभर खिडकीतून पार्किंग बघत बसायचं. दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून बाहेर पडलो. क्विन्सीहून मेट्रोची रेड लाइन थेट पार्क स्ट्रीटला जाते (तिथले लोक मेट्रोला नुसतं ‘टी’ म्हणतात). स्टेशनातून वर आलं की समोर बोस्टन कॉमन ही मोठी बाग, आणि तिथेच फुटपाथवर दुसरी लाल रेघ सुरू होते. कुठे लाल विटांची, कुठे नुसत्या रंगाची. हाच फ्रीडम ट्रेल, अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याच्या जुन्या जागा जोडणारी वाट. रेघ धरून चालत राहायचं. अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर, सोळा ठिकाणं. मोजून चौदा वेळा गेलो, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

गाइड एकदाही घेतला नाही. जुन्या पोशाखातले गाइड असतात, छान बोलतात, पण आमच्या ह्यांना प्रत्येक थडग्यापाशी थांबायची सवय. ग्रॅनरी दफनभूमीत पहिल्या दिवशी दीड तास गेला. तिथे पॉल रिव्हिअर, सॅम्युअल अ‍ॅडम्स, जॉन हॅनकॉक ही स्वातंत्र्यलढ्यातली मंडळी पुरलेली आहेत. दगडांवर पंख फुटलेल्या कवट्या कोरलेल्या, त्या मला फार आवडल्या. मधोमध सगळ्यात उंच दगडावर ‘फ्रँकलिन’ लिहिलंय. लोक धावत जाऊन फोटो काढतात. ते बेंजामिन फ्रँकलिनच्या आईवडिलांचं स्मारक. तो स्वतः फिलाडेल्फियाला आहे. आम्हीही पहिल्यांदा फोटो काढून मुलीला पाठवला होता. नंतर बाजूची पाटी वाचली.

रेघेची खरी मजा अशी की ती कुठेही सोडता येते. पाय दुखले, सोडा. भूक लागली, सोडा. परवा पुन्हा तिथूनच धरा. जागेजागी जमिनीत पितळी चकत्या बसवल्यात, त्यामुळे ठिकाण चुकत नाही. १७१८ सालची जुनी पुस्तकाच्या दुकानाची इमारत आहे, तिथे आता मेक्सिकन खाणं मिळतं. जुन्या स्टेट हाउसच्या पोटातून तर मेट्रोचं स्टेशन निघतं. त्याच इमारतीच्या सज्जातून १८ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, आणि समोर दगडांचं एक कडं आहे ते १७७० मध्ये इंग्रज सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचं, ज्यात पाच माणसं गेली. वर सज्जा, खाली लोकल पकडायला धावणारी माणसं. आपल्या शनिवारवाड्यासमोरच्या ट्रॅफिकची आठवण झाली.

शनिवारवाड्यावरून सांगते. ओल्ड साउथ मीटिंग हाउस नावाचं प्रार्थनाघर आहे. १६ डिसेंबर १७७३ ला तिथे पाचेक हजार माणसं जमली आणि चहावरच्या कराच्या निषेधात त्याच रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बंदरातल्या पाण्यात फेकल्या गेल्या. बाकावर बसले आणि डोक्यात आलं, १७७३ म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते साल. पुढे १७७५ च्या मार्चात राघोबादादांनी सुरतेला त्याच कंपनीशी तह केला, आणि एप्रिलात इकडे ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात इंग्रज फौज पाण्यावरून निघाल्याची खूण म्हणून दोन कंदील लागले. शाळेत हे दोन इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत होते. कंपनी तीच, हे मला पासष्टाव्या वर्षी, बोस्टनच्या बाकावर कळलं.

आता तक्रारी. पहिली, एका पैसे भरायच्या ऑडिओ अ‍ॅपची. नाव घेत नाही. उंच इमारतींमध्ये जीपीएस गडबडतं आणि आपण दफनभूमीत असताना ते पलीकडच्या गल्लीतली गोष्ट सांगायला लागतं. वर पुढच्या महिन्यात आपोआप पैसे कापले. जावयाने बंद करून दिलं. नॅशनल पार्क सर्व्हिसचं अ‍ॅप फुकट आहे, घरच्या वायफायवर उतरवून ठेवलं की बाहेर नेट लागत नाही. तेच घ्या.

दुसरी तक्रार हवामानाची. जानेवारीत बर्फ पडला की रेघ गायब! बर्फ सरकवतात तो पाऊलवाटेपुरता, आणि रेघ नेमकी ढिगाखाली. फॅन्युअल हॉल या जुन्या सभागृहाच्या आसपास आम्ही दोनदा गोल फिरून त्याच चौकात आलो. विटा ओल्या असल्या की घसरतात, बूट नीट हवेत.

तिसरी चूक आमचीच. चार्ल्सटाउनच्या गोदीत १७९७ सालचं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे लढाऊ जहाज आहे. फुकट बघायला मिळतं, पण मोठ्यांना फोटो ओळखपत्र लागतं. पासपोर्ट क्विन्सीला कपाटात. पुलावरचा बोचरा वारा खात आलो होतो, तसेच परत. हिवाळ्यात बरीच ठिकाणं काही वार बंद असतात, तेही आदल्या दिवशी बघून निघा. बंकर हिलच्या लढाईच्या स्मारकस्तंभाला २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. पर्वती एका दमात जवळजवळ तीनदा चढल्यासारखं आहे. हे चढले, मी खाली डबा उघडून बसले. येताना गोदीतून लाँग व्हार्फला फेरीबोट मिळते, चालण्यापेक्षा ती घ्या.

पण मला सगळ्यात जास्त दिलं ते रेघ नसलेल्या वाटेनं. सोनेरी घुमटाच्या आताच्या स्टेट हाउससमोर (म्हणजे राज्याचं विधानभवन) अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचं ब्राँझचं शिल्प आहे. घोड्यावर गोरा कर्नल शॉ, आणि शेजारून चालणारे काळे सैनिक, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. तिथून ब्लॅक हेरिटेज ट्रेल, बोस्टनच्या काळ्या लोकांच्या इतिहासाची वाट, निघतो, बीकन हिलच्या चढाच्या गल्ल्यांतून दीडेक मैल. जमिनीवर काहीच खूण नाही, नकाशा हातात धरूनच जायचं. बहुतेक घरांत आज लोक राहतात, बाहेरूनच बघायची.

फिलिप्स स्ट्रीटवर ६६ नंबरचं विटांचं घर आहे, लुईस आणि हॅरिएट हेडन यांचं. गुलामीतून पळालेली क्राफ्ट नवराबायको, एलन आणि विल्यम, इथे आसऱ्याला होती. १८४८ च्या डिसेंबरात ती जॉर्जियातून पळाली. एलन गोरीपान दिसायची, तिनं आजारी गोऱ्या मालकाचं सोंग घेतलं आणि नवरा विल्यम तिचा नोकर झाला. लिहिता येत नसल्याचं उघडं पडू नये म्हणून उजवा हात गळ्यात बांधून घेतला. पुढे गुलाम पकडणारे बोस्टनपर्यंत आले, तेव्हा हेडननं घरात बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवली होती, आत आलात तर घर उडवीन म्हणून, असं सांगतात. मी त्या दारासमोर उभी होते, तेवढ्यात एक मुलगी किराण्याच्या पिशव्या घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली आणि शेजारच्या दारानं आत गेली.

त्यानंतर लाल रेघेवर गेले तेव्हा फॅन्युअल हॉलही वेगळा दिसला. ‘स्वातंत्र्याचा पाळणा’ म्हणतात त्याला, १७४२ चा. पण बांधणाऱ्या पीटर फॅन्युअलचा पैसा गुलामांच्या व्यापारातूनही आलेला होता. पाहुण्यांना दोन्ही वाटा दाखवायच्या असतील तर आधी रेघेची, मग बिनरेघेची. उलटं केलंत तर रेघेची वाट जरा पोकळ वाटेल.

खर्च फार नाही. कॉमन, दफनभूमी, फॅन्युअल हॉल, जहाज, बंकर हिल फुकट. ओल्ड साउथ, जुनं स्टेट हाउस, रिव्हिअरचं घर यांना तिकीट. एकाच दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, ओल्ड नॉर्थपर्यंत पोचेस्तोवर तिथले दारं असलेले खोक्यासारखे बाक बघायचंही त्राण राहत नाही.

कागदी नकाशावर मी बसायचे बाक, पाणी आणि स्वच्छतागृहं पेनानं टिपून ठेवलीत (फॅन्युअल हॉलजवळच्या क्विन्सी मार्केटमधलं हमखास). तो नकाशा मुलीकडे ठेवून आले. मे महिन्यात विहीणबाई येणार आहेत. गुडघे त्यांचे माझ्यापेक्षा बरे आहेत, तेव्हा त्या २९४ पायऱ्या त्यांच्याकडे.