पिप आणि एस्टेला: कोणता शेवट वाचावा?

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शेवटाकडे आली असेल, तर तुम्हाला एक निवड करावी लागणार. चार्ल्स डिकन्सने या कादंबरीचे, म्हणजे नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या एस्टेलाच्या गोष्टीचे, दोन शेवट लिहिले. पहिला त्याने छापण्याआधी आपला कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनला दाखवला. शेवट बदल, अशी बुल्वर-लिटनने गळ घातली आणि १८६१मध्ये वाचकांच्या हाती पडला तो बदललेला, दुसरा शेवट. पहिला पुढे डिकन्सच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात छापला गेला. हल्ली तो बऱ्याच आवृत्त्यांत परिशिष्टात असतो. (कथानक ठाऊक नसेल तर पुढचं आत्ता वाचू नका.)

छापील शेवट एस्टेलाला वाढवणाऱ्या मिस हॅविशॅमच्या पडक्या घराच्या जागी घडतो. पिपने गाव सोडलं तेव्हा सकाळचं धुकं विरलं होतं, तसंच आता संध्याकाळचं विरतंय. हा धागा जुळवलाय मात्र झकास. एस्टेला नेमकी त्याच संध्याकाळी तिथे येते. पण डिकन्स वाचायचा तर योगायोगांबद्दल कुरकुर करून चालत नाही. दोघं हातात हात घालून बाहेर पडतात.

जुना शेवट जेमतेम पानभर. लंडनच्या पिकॅडिलीत पिप त्याचा मेहुणा ज्यो आणि ज्योची बायको बिडी यांच्या मुलाला घेऊन चाललाय. एक नोकर मागून धावत येतो: गाडीतल्या बाई बोलावताहेत. एस्टेलाने एका डॉक्टरशी दुसरं लग्न केलंय. मूल पिपचंच असं तिला वाटतं, ती त्याचा पापा घेते. तिने खूप सोसलंय आणि त्यामुळे पिपला तेव्हा काय वाटत होतं ते तिला आता कळतं, एवढं त्याला उमगतं. बस्स.

छापील शेवट जास्त सुखाचा, यात वाद नाही. मला त्याचं शेवटचं वाक्य छळतं. तिच्यापासून पुन्हा दुरावण्याची सावली आपल्याला दिसली नाही, असं पिप म्हणतो. दिसली नाही म्हणजे? हा माणूस सगळी हकिगत मागाहून सांगतोय, पुढे काय झालं ते त्याला ठाऊक असणारच! लग्न झालं की नाही, एवढं सांगायला काय जातं? त्यातून काही ओळी आधीच एस्टेला म्हणते, आपण दूर राहूनही मित्रच राहू. डिकन्सलाही ते शेवटचं वाक्य पुरतं पटलं नसावं. पुढच्या आवृत्तीत त्याने त्याची शब्दरचना बदलली. गोड शेवट द्यायचा तर सरळ द्यावा, हा मोघमपणा कशाला? उलट तो दुःखी म्हणवला जाणारा शेवट वाचून मी पुस्तक मिटतो तेव्हा विचारायचं काही उरत नाही.

अर्थात, पाचशे पानं पिपसोबत काढल्यावर त्याचं काहीतरी भलं व्हावं असं वाटणारच, आणि बुल्वर-लिटनलाही तेच वाटलं असेल. पहिल्या वाचनात छापील शेवटच वाचा, कथानकाचा ओघ तिकडेच जातो. फक्त लगेच पुस्तक ठेवू नका, परिशिष्टातलं ते पानही त्याच बैठकीत वाचून टाका. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर राहून जातं.