डीएफटी मीटर: लॅबला पाठवायचा की साइटवरच शिमने भागवायचं?

सुकलेल्या कोटिंगची जाडी (डीएफटी) मोजणारा मीटर थोडा इकडेतिकडे दाखवायला लागला की लगेच "कॅलिब्रेशनला पाठवा" म्हणतात, आणि सर्टिफिकेट ताजं असलं की कोणी शिम (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) लावूनसुद्धा बघत नाही. माझ्या मते दोन्ही चूकच, कारण ही दोन कामं वेगळी आहेत.

लॅबमध्ये मीटर प्रमाणित जाडीच्या नमुन्यांवर तपासून किती फरक येतो ते लिहून देतात. वर्षातून एकदा पाठवायची पद्धत आहे, पण काम सतत असेल तर आधीच पाठवलेला बरा. साइटवरचं काम रोजचं: शिफ्ट सुरू करताना झिरो (कोऱ्या प्लेटवर शून्य येतं का ते) आणि अपेक्षित जाडीच्या खालची-वरची अशा दोन शिम. कोट २०० मायक्रॉनचा असेल तर १२५ आणि २५०. मीटरची अचूकता ±३ टक्के असेल तर २५० च्या शिमवर २४२.५ ते २५७.५ ठीक, शिमचा स्वतःचा टॉलरन्स (तिच्या जाडीत चालणारा फरक) वेगळा धरायचा.

मग ठरवायचं कसं? पत्र्याची जाडी, गोलाई किंवा ब्लास्टिंगचं प्रोफाइल (वाळू-ग्रिट मारून आलेला खडबडीतपणा) बदललं म्हणून रीडिंग हललं असेल तर लॅब काहीच करू शकत नाही, त्याच जॉबच्या रंग न लावलेल्या तुकड्यावर ॲडजस्ट करायचं. ब्लास्ट केलेल्या स्टीलवर तर हे फार महत्त्वाचं, गुळगुळीत प्लेटवर सेट केलेला मीटर तिथे जास्त जाडी दाखवतो, कारण तो खडबडीतपणाच्या वरच्या टोकांपासून नाही तर थोडं खालून मोजतो. कोरा तुकडा मिळतच नसेल तर आयएसओ १९८४० या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम प्रोफाइलला २५ मायक्रॉन वजा करायला सांगितलंय. ही वजाबाकी विसरली की कोट पातळ असूनही पास होतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो!

पण झिरो बरोबर येतोय, नवीन शिम लावली, प्रोब (मीटरचा पृष्ठभागावर टेकवायचा भाग) पुसला, गुळगुळीत झिरो प्लेटवर परत ॲडजस्ट केलं आणि तरी २५० ला २६८ च दाखवतोय, किंवा एकाच जागी दर वेळी वेगळा आकडा येतोय, तर पाठवाच. मीटर पडला असेल किंवा प्रोबचं टोक झिजलेलं दिसत असेल तरीही. आधी शिम मात्र नक्की बघा हं, प्लॅस्टिकच्या शिमला खड्डे पडतात आणि दोष मीटरला जातो.

आणि मीटर चुकीचा निघाला तर शेवटच्या बरोबर आलेल्या तपासणीनंतरची सगळी रीडिंग परत घ्यावी लागतात. रोज शिम लावली असेल तर एका शिफ्टचं काम, नाहीतर पार मागच्या सर्टिफिकेटपर्यंत जावं लागतं.