दूध संस्थेत संगणकीकृत संकलन: एक पावसाळा, एक हिवाळा काढल्यावर

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव. गाय आणि म्हैस दोन्हीचं संकलन, सभासद दीडशेच्या आसपास. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही पूर्ण संच बसवला: इलेक्ट्रॉनिक काटा, दुधाची फॅट वगैरे मोजणारं अल्ट्रासॉनिक मिल्क अॅनालायझर, सॅम्पल हलवणारा स्टरर, संगणक, पावतीचा छोटा प्रिंटर आणि रांगेकडे तोंड करून लाल आकडे दाखवणारा बोर्ड. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारातले हे संच थोड्याफार फरकानं सारखेच आहेत.

घ्यायचं खरं कारण अनुदान. २०२४ मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये जाहीर केले, ऑक्टोबरपासून ते ७ झाले. पैसे थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जाणार होते, आणि त्यासाठी आधार, खातं आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर यांची जुळणी हवी होती. वहीतून रोजचं दूध उतरवून ही माहिती पुढे पाठवताना आमचा पार पिट्ट्या पडला. त्या वैतागातूनच संचालक मंडळानं ठराव केला.

काट्याबद्दल फार लिहीत नाही. मापानं दूध घेताना फेसही मापात यायचा, ती कुरबुर गेली. पण काटा मोजतो किलोत आणि दर असतो लिटरला. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, त्यामुळे १० किलोचे पावतीवर ९.७ लिटर दिसतात. ‘तीनशे मिली गेलं कुठं?’ हा प्रश्न सुरुवातीला रोजचाच होता. शेवटी हिशेब मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला. तुम्ही पहिल्याच दिवशी लावा. आणि काट्यावर वैधमापन (वजनं-मापं तपासणाऱ्या) खात्याचा शिक्का दर वर्षी वेळेत मारून घ्या.

खरा बदल फॅट काढण्यात झाला. पूर्वी १० मिली सल्फ्युरिक अॅसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज, आणि शेवटी नळी डोळ्यासमोर धरून रेघ वाचायची. ३.४ की ३.५ हे टेस्टरच्या नजरेवर, आणि गावात नजर म्हटली की भावकी आलीच. आता पाऊण मिनिटात आकडा सगळ्यांसमोर बोर्डावर येतो. टेस्टरवरचा संशय संपला, त्यालाही हायसं वाटलं.

भांडणं मात्र संपली नाहीत, ती एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागावर, सरकली. पूर्वी टेस्टर लॅक्टोमीटरनं डिग्री लावायचा आणि एसएनएफ वहीत राहायचा, कुणी विचारत नव्हतं. आता ८.३ दिसला की कपात का, हे तिथल्या तिथं विचारलं जातं. उन्हाचा तडाखा बसला किंवा खुराक कमी पडला की एसएनएफ उतरतो, हे खरं कारण. पण रांगेत उभ्या माणसाला ते पटवणं सोपं नाही. आम्ही नियम केला: शंका असेल तर सॅम्पल पुन्हा लावायचं, तरीही फॅटबद्दल समाधान नसेल तर जुन्या पद्धतीनं काढायचं. म्हणून सेंट्रिफ्यूज भंगारात दिलं नाही. विकणाऱ्याचा माणूस ‘आता याची गरज नाही’ म्हणत होता. त्याचं ऐकू नका.

कारण हे मशीन दुधातून ध्वनिलहरी कशा जातात ते मोजून बाकीचे आकडे गणितानं काढतं. धारेच्या दुधात हवेचे बुडबुडे राहिले की आकडा भरकटतो, म्हणून स्टरर टाळायचा नाही. आंबायला लागलेलं दूध लावलं तर आकडा चुकतोच, वर नळीतही साका धरतो. मीठ, साखर, युरिया घातलेलं दूध साधं मशीन ओळखत नाही, उलट एसएनएफ चांगला दाखवू शकतं. आमचा टेस्टर आजही किटलीचं झाकण काढून आधी वास घेतो, त्याला पर्याय नाही. गाय आणि म्हैस यांचे चॅनेलही वेगळे असतात. सभासदाच्या कोडला जनावराचा प्रकार जोडून ठेवला नाही, तर गर्दीत चुकीचं बटण दाबलं जातं.

धुण्याबद्दल कंपनीच्या पत्रकात एक ओळ असते. प्रत्यक्षात निम्मं मशीन धुण्यावर चालतं. प्रत्येक संकलनानंतर पाणी, आणि ठरवून दिलेलं द्रावण ठरलेल्या वेळी. पावसाळ्यात गडबडीत टाळाटाळ झाली तेव्हा गाईची फॅट सरसकट चढलेली दिसू लागली. सभासद खूश, पण आमचं दूध घेणाऱ्या संघाच्या टँकरशी ताळा काही जुळेना. तो तोटा संस्थेच्या माथी बसला. तेव्हापासून रोज एक सॅम्पल जुन्या पद्धतीनंही काढतो आणि फरक वहीत लिहितो.

सॉफ्टवेअर बरं आहे. नवं दरपत्रक आलं की तारीख आणि सकाळ-संध्याकाळ टाकून चढवायचं, पशुखाद्याची उधारी कापून दहा दिवसांचं बिल तयार. पूर्वी बिलाच्या दिवशी आम्ही दोघं-तिघं रात्री उशिरापर्यंत बसायचो, आता जेवायला घरी असतो. पावतीवर जोडाक्षरं तुटतात; नावं ओळखू येत नाहीत, पण आमच्याकडे माणसं तशीही कोड नंबरनंच ओळखली जातात. विक्रीनंतरची सेवा मात्र थंड आहे. फोन केला की ‘उद्या येतो’, आणि तो उद्या उगवता उगवत नाही. करारात दुरुस्तीला किती तासांत येणार ते लिहून घ्या, आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये काढता येते का ते आधी करून बघा. आमच्या संचात ते होत नव्हतं, पाठपुरावा करून मिळवलं.

एक गोष्ट कुठल्याच पत्रकात नसते. सकाळी दूध घेऊन येतात त्या बहुतेक बायका, आणि सभासदत्व, खातं, मोबाईल नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर. रोखीनं बिल द्यायचो तेव्हा जी यायची तिच्या हातात पैसे पडायचे, सही-अंगठा तिचाच. आता मेसेज जातो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला, आणि पैसे बँकेत. ‘भाऊ, माझं दूध किती झालं?’ असं मला विचारणाऱ्या वाढल्या. पावती हातात असते, पण दहा दिवसांच्या वीस पावत्या कोण जपणार? आम्ही मागेल तिला दहा दिवसांचा उतारा छापून देतो, आणि ज्यांच्या घरी पटलं तिथं खातं बाईच्या नावावर केलं. सगळ्यांच्या घरी पटलं नाही.

घ्यावं का? दिवसाला चार-पाचशे लिटरच्या वर दूध असेल तर घ्या, बॅटरी बॅकअपसह. दूध कमी असेल तर काटा आणि पावती आधी, अॅनालायझर नंतर. आमची आताची अडचण म्हणजे संध्याकाळची रांग: एका सॅम्पलला पाऊण मिनिट, आणि सगळे सहाच्या ठोक्याला येतात. दुसरं मशीन घ्यायचा विषय पुढच्या सभेपुढं आहे. मी ‘घ्यावं’ म्हणणार आहे, पण दोन्ही मशीनचे आकडे जुळवायची जबाबदारी कुणाची, हे त्याच ठरावात लिहून घेऊन.