राडारोडा १४ खेपांचा, बिल २७ खेपांचं

जुना बंगला पाडून जागा साफ करून द्यायची, दर ठरला खेपेवर. काम संपल्यावर मालकाच्या हातात २७ खेपांचं बिल पडलं. त्या घरातून निघू शकणारा राडारोडा होता फार तर १४ खेपांचा. पुण्याच्या एका उपनगरातलं हे प्रकरण सविस्तर मांडतो आहोत, कारण राडारोड्याच्या कामातल्या बहुतेक लबाड्या इथे एकाच पत्त्यावर झाल्या. ठेकेदाराचं नाव इथे देत नाही. नाव बदलतं, पद्धत तीच राहते.

आधी माप बघा, कारण मालकाने नेमकं तेच केलं नव्हतं. घर तळमजला अधिक एक, दर मजल्याला १,००० चौरस फूट, भार घेणाऱ्या विटांच्या भिंती, दोन स्लॅब. पाच इंची दोन स्लॅबचे ८३० घनफूट. गच्चीवरचा साडेचार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती थांबवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, ३७५. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून तीन इंच धरला तर दोन मजल्यांचे ५००. बाहेरच्या नऊ इंची भिंती, दारं-खिडक्या वजा जाता, १,६५०. आतल्या भिंती प्लास्टरसह ९००, बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर सव्वादोनशे. बेरीज साधारण ४,५०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ४५ ब्रास. हे उभ्या घराचं माप झालं. मोडल्यावर मधे पोकळ्या राहतात आणि माल दीडपट जागा खातो, म्हणून ६७ ब्रास. मोकळ्या राडारोड्याचा ब्रास साडेतीन टनांच्या आसपास भरतो, तेव्हा वजन २३५ टन. पाया यात धरलेला नाही, कारण तो उकरायचा नव्हता.

आता गाडी. आलेल्या दहा चाकी हायवाचा, म्हणजे टिपर ट्रकचा, हौदा आतून साडेचौदा फूट लांब, साडेसात रुंद, साडेचार उंच, म्हणजे ४.९ ब्रास. ६७ ला ४.९ ने भागा. १४ खेपा, खेपेला जेमतेम १७ टन. तेवढं वजन ही गाडी कायद्याने वाहू शकते.

मग २७ कुठून आल्या? शेजारच्या सीसीटीव्हीत बाहेर पडलेल्या गाड्या १९ दिसल्या. आठ खेपा नुसत्या कागदावर होत्या. चिठ्ठ्या ठेकेदाराच्याच पुस्तकातल्या, त्यांवर वेळ नाही, गाडी नंबर काहींवरच, आणि सही संध्याकाळी एकदम वॉचमनकडून घेतलेली. उरलेल्या १९ गाड्याही भरलेल्या नव्हत्या. स्लॅबचे मोठे तुकडे हौद्याच्या कडेने उभे लावायचे, मधे थोडा चुरा टाकायचा, वरून दोन घमेली माती पसरायची. खालून बघणाऱ्याला गाडी काठोकाठ भरलेली वाटते, प्रत्यक्षात माल साडेतीन ब्रास. हे पकडायचं असेल तर गाडी निघण्याआधी शिडी लावून वरून बघावं लागतं, आणि फूटभरापेक्षा मोठा तुकडा आडवा टाकायला किंवा फोडायला सांगावं लागतं.

करारात एक ओळ होती: ‘सर्व भंगार ठेकेदाराचे’. या ओळीची किंमत मालकांच्या लक्षात येत नाही. ८३० घनफूट म्हणजे साडेतेवीस घनमीटर स्लॅब. घनमीटरला ८० किलो धरली तरी पावणेदोन टनांच्या वर सळई. दाराची चार इंच बाय तीन इंच मापाची सागवानी चौकट, दोन बाजू सात फुटी आणि वरचं आडवं साडेतीन फुटी, म्हणजे एका चौकटीत दीड घनफूट लाकूड. अशा १२ चौकटी होत्या, शिवाय ग्रिल, तांब्याच्या वायरी, शहाबादी फरशी. हा सगळा माल फुकट गेला आणि वर खेपांचे पैसेही मोजले. पाडकाम द्यायच्या आधी भंगाराची यादी खोलीनिहाय करा, दोन भंगारवाल्यांकडून स्वतंत्र भाव घ्या आणि ती रक्कम पाडकामाच्या दरातून वजा करून मागा. ‘फुकट पाडून देतो’ असं कोणी म्हणाला तर आधी हीच यादी काढा.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढे घडली. काही गाड्या ओढ्याच्या काठावर रिकाम्या झाल्या. त्या ढिगात बंगल्याच्या फाटकावरची ग्रॅनाइटची नावाची पाटी दोन तुकड्यांत सापडली, आणि नोटीस मालकाला आली. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या, म्हणजे २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांत कचरा निर्माण करणाऱ्याची जबाबदारी ठेकेदाराला पैसे दिल्याने संपत नव्हती. ओढा, नाला किंवा रस्ता यांवर माल जाऊ न देणं हे लहान घरमालकालाही लागू होतं. त्याच नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवर गेलं तर काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करायचे आणि कामाआधी आराखडा मंजूर करून घ्यायचा असे. २३५ टन म्हणजे आपण ३०० च्या खाली, असं इथे समजलं गेलं. पण भरलेली दुसरी हायवा निघाली की त्या दिवसाची २० टनांची मर्यादा ओलांडलेलीच असते. त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम, १ एप्रिल २०२६ पासून. त्यातली उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे कचऱ्याच्या ठरलेल्या वाट्यावर प्रक्रिया करून घेण्याची सक्ती, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. पण तेवढ्यावरून बंगलेवाल्याने गाफील राहू नये.

उरलेला माल तीन किलोमीटरवरच्या एका रो-हाऊसच्या जोत्यात ‘मुरूम’ म्हणून विकला गेला. उचलायचे पैसे एकाकडून, टाकायचे दुसऱ्याकडून. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथली फरशी भिंतीपासून सुटून खाली बसली. कारण सरळ आहे. तीन फूट भराव एकदम ओतला होता, विटांच्या तुकड्यांमधल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर बारीक माती उतरली, लाकडाचे तुकडे कुजायला लागले. त्यात पीओपीही होतं. ओल्या जागी त्यातलं सल्फेट सिमेंटला खातं. भराव घेत असाल तर गाडी हौद्यातच तपासू नका. मागचा फाळका उघडून माल जमिनीवर पसरवून घ्या. लाकूड, पांढरा चुरा किंवा प्लास्टिक दिसलं की परत पाठवा. चांगला मालही सहा ते आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करूनच भरायचा.

दर टनावर ठरवा आणि पैसे राडारोडा प्रक्रिया केंद्रावरच्या वजनकाट्याच्या पावतीवर द्या. पावतीवर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं त्याच दिवसाची हवीत, वेळेसह. जुनं रिकामं वजन वापरणं हा इथला नेहमीचा डाव आहे. दहा चाकी टिपर रिकामा साधारण साडेदहा-अकरा टनांचा असतो. पावतीवर साडेआठ दिसलं तर प्रत्येक खेपेला दोन टन हवेचे पैसे जातात. निघायच्या आधी राडारोड्यावर पाण्याचा पाइप सोडलेला दिसला तर तेही वजनच आहे. धूळ बसवायला शिंपडणं पुरतं. चिठ्ठीपुस्तक तुमचं, छापील क्रमांकाचं, दुप्रतीचं. गाडी नंबर आणि निघायची वेळ गेटवरच लिहायची, आणि वेळ काट्याच्या पावतीशी जुळवायची. अर्ध्या तासाच्या रस्त्याला पावती चार तासांनी आली तर मधे काय झालं ते विचारा. बिलाचे ३० टक्के सगळ्या पावत्या जुळेपर्यंत रोखून ठेवा, आणि ही अट करारातच घाला.

मुळात माल कमी निघावा यासाठी पाडकामाचा क्रम महत्त्वाचा. आधी चौकटी, वायरी, पाइप, फरशी. मग कोबा, मग वरून खाली एकेका मजल्याचा आधी स्लॅब आणि नंतर त्याखालच्या भिंती. जेसीबीने एकदम लोळवलं की सगळ्याचा काला होतो आणि केंद्रावर त्याला किंमत राहत नाही. चुन्यातल्या विटा सुट्या होतात, त्या कुंपणाच्या भिंतीला वापरता येतात. सिमेंटच्या मसाल्यातल्या बहुतेक फुटतात, त्यांचा हिशोब धरू नका. स्वच्छ काँक्रीट मात्र खरंच जपण्यासारखं आहे. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार त्याची खडी सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ मजबुतीपर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्के आणि एम-१५ खालच्या कमी सिमेंटच्या (लीन) काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. मातीत घोळलेल्या काँक्रीटची अशी खडी होत नाही.

नोटीस आलीच असेल तर ठेकेदाराशी भांडत बसण्याआधी गाड्यांचे नंबर, चिठ्ठ्यांच्या प्रती, बँकेतून दिलेल्या पैशांचा तपशील आणि सीसीटीव्हीची नक्कल महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या आणि पोहोच घ्या. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही आठवड्यांत पुसलं जातं, ते पहिल्याच दिवशी उतरवून घ्या.