रुग्णमंडळाची मुखतपासणी: आरसा चांगला, पाठपुरावा कच्चा

तोंडाच्या कर्करोगातून बरे झालेल्यांनी चालवलेल्या एका रुग्णमंडळाच्या मोफत मुखतपासणीला मी थोरल्या भावाला घेऊन गेलो होतो. तंबाखूवरून बोलणी खावी लागतील या धास्तीने तो यायलाच तयार नव्हता. प्रत्यक्षात तिथे कोणी उपदेश केला नाही. शस्त्रक्रियेत जिभेचा काही भाग गमावलेल्या एका स्वयंसेवकांनी, शब्द सावकाश जुळवत, कडेवरचा व्रण दात लागून झाला असेल असे समजून आपण पाच महिने कसे घालवले, एवढेच सांगितले. भावाने त्यानंतर मुकाट्याने तोंड उघडले.

शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. हातात आरसा आणि टॉर्च देऊन, जिभेचे टोक गॉजने धरून दोन्ही कडा, जिभेखालचा भाग आणि गालांची आतली बाजू कशी पाहायची, तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येकाकडून करवून घेतले. पांढरा वा लाल चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवायचे, हे तिथल्या लहान मुलालाही पाठ झाले असेल.

माहितीपत्रक मात्र अपुरे आहे. तंबाखू आणि मद्य यांवर त्यात भरपूर मजकूर आहे, पण सुपारीचा उल्लेखही नाही. वास्तविक तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. रांगही सर्वांची एकच होती. केरळमधील मोठ्या अभ्यासात (२००५) अशा तपासणीमुळे तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमधील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले होते, त्यामुळे व्यसन असलेल्यांना आधी घेणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

सर्वांत मोठी तक्रार पाठपुराव्याची. भावाच्या गालात पांढरा चट्टा आढळला, चिठ्ठी मिळाली, ‘आठवड्यात फोन करू’ असे आश्वासनही मिळाले. फोन आला नाही. शेवटी मीच दोनदा फोन केला, तेव्हा सूत्रे हलली आणि बायोप्सीच्या दिवशी तेच स्वयंसेवक, न बोलावता, भावाशेजारी बाकावर येऊन बसले. अहवालात कर्करोग निघाला नाही, तरी चट्टा दर तीन महिन्यांनी दाखवायचा आहे; पुढची तारीख मी स्वतःच्याच वहीत लिहून ठेवली आहे.